लाल दिव्याची गाडी

१ मे २०१७ पासून सरकारने मंत्र्यासंत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे उतरवले. त्याचं सर्वाधिक दुःख झालं ते ज्यांना तो दिवा कधीच मिळणार नव्हता त्यांना. पण काळाने त्यांची भरपाई केली. हैदराबादेत गच्चीबावली, कुकटपल्ली, उप्पलच्या सोसायट्यांच्या तळघरांत हप्त्यांवर घेतलेल्या हायब्रिड गाड्या उभ्या असतात, त्यांतही आता लाल दिवा लागू लागला आहे. हा दिवा टपावर नसतो. टपाच्या आतल्या अंगाला, आरशाच्या वर, एसओएस लिहिलेल्या बटणाशेजारी तो असतो, आणि तो लागला म्हणून कोणी रस्ता सोडत नाही. फक्त मालकाची झोप जाते. समोरच्या पडद्यावर एक ओळ उमटते: आपत्कालीन कॉल यंत्रणेत बिघाड, विक्रेत्याशी संपर्क साधा. एसी गारेगार, गाणी सुरू, पेट्रोलचा हिशेब शेजाऱ्याला मुद्दाम ऐकवावा इतका चांगला. म्हणजे संकटात हाक मारायची सोय तेवढी गेली, बाकी सगळं ठणठणीत. अशा दिव्याचं काय करायचं याला गल्लीतल्या मेकॅनिककडे तयार उत्तर असतं. ‘लाइट जल्री तो जलने दो साब, गाडी चल्री ना?’ फारच टोचत असेल तर वर काळी चिकटपट्टी.

माझं म्हणणं या चिकटपट्टीच्या विरोधात आहे. ‘दुरुस्त करून घ्या’ एवढंच ते नाही. ते शोरूमवालाही सांगतो आणि का सांगतो ते आपल्याला ठाऊक असतं. मी म्हणतो, गाडीतल्या ज्या मोजक्या यंत्रणांचं रोजचं काम म्हणजे नुसता दिवाच, त्यांतली ही एक. इंजिन रोज धावतं, ब्रेक रोज लागतो. बिघडले की त्याच दिवशी कळतं, कधी कधी पुढच्या गाडीलाही कळतं. आणीबाणीची यंत्रणा मात्र वर्षानुवर्षं नुसती बसून असते. जिच्यासाठी तिला नेमलं तो क्षण बहुतेकांच्या नशिबी येतच नाही, आणि आलाच तर ‘थांबा, आधी चालते का बघू’ म्हणायला वेळ नसतो. अशा नोकराकडून रोज एकच काम घेता येतं, हजेरी. दर वेळी गाडी सुरू झाली की ती आपल्या एकेका अवयवाची चाचणी घेते आणि ‘हजर’ किंवा ‘गैरहजर’ असं सांगते. गैरहजेरीवर शाई ओतली म्हणून माणूस कामावर येत नाही. उलट तो आला आहे अशा समजुतीत आपण राहतो, आणि ही समजूत गैरहजेरीपेक्षा महाग पडते.

यंत्रणा तशी गुंतागुंतीची नाही. डॅशबोर्डच्या पोटात किंवा छताच्या अस्तरामागे एक डबी असते. तिच्यात मोबाइलचं सिम असतं आणि उपग्रहांवरून ठावठिकाणा काढणारी चिप असते. टपावर अँटेना, डोक्यावर माइक, आणि एक तार गाडीच्या इतर संगणकांकडे जाते. एअरबॅग फुगली की तिचा संगणक या डबीला खबर देतो, डबी आपणहून फोन लावते, आणि पलीकडून कोणी ‘हॅलो’ म्हणण्याच्या सुमारास गाडी कोणती, कुठे आहे, कोणत्या दिशेला तोंड करून आहे, हे पाठवूनही देते. युरोपात २०१५ च्या नियमाने ती ३१ मार्च २०१८ पासून मोटारींच्या नव्या मॉडेलांना सक्तीची झाली आणि तिथली हाक ११२ या क्रमांकावर पोचते. आपल्याकडे टॅक्सी-बसना एआयएस-१४० या मानकाप्रमाणे ठावठिकाण्याचं यंत्र आणि लाल बटण लावावं लागतं. खासगी गाड्यांना सक्ती नाही. खासगीत कंपन्या ते हौसेने देतात आणि फोन बहुधा त्यांनी नेमलेल्या केंद्रात जातो. तिथला माणूस पुढे ११२ किंवा १०८ गाठतो. हौसेने दिलेल्या वस्तूचं भारतात काय होतं ते लग्नात आलेल्या भिंतीवरच्या घड्याळाला विचारावं.

या डबीला स्वतःची एक छोटी बॅटरी असते, आणि दिवा लाल होण्याचं नेहमीचं कारण बहुधा तीच. हायब्रिडमध्ये या गोष्टीला वेगळीच चव येते. गाडीत आधीच दोन बॅटऱ्या नांदत असतात. थोरली म्हणजे चाकं फिरवणारी; मारुतीच्या ग्रँड व्हिटारा आणि टोयोटाच्या हायरायडर या गाड्यांच्या स्ट्राँग हायब्रिड प्रकारात ती १७७.६ व्होल्टची असते. तिला आठ वर्षांची किंवा १,६०,००० किलोमीटरची हमी, जाहिरातीत मानाचं पान, आणि विकत घेताना सासऱ्यांपासून सगळ्यांनी विचारलेला ‘पण बॅटरी गेली तर?’ हा प्रश्न. सगळा मान तिला. मधली बारा व्होल्टची, जुन्या वळणाची, दिवे-दारं सांभाळणारी. मोठी धडक बसली की थोरली सुरक्षिततेसाठी रिले उघडून गाडीशी असलेला संबंध तोडते; तिने तसं करायलाच हवं, नाहीतर मदतीला धावलेल्याचाच जीव धोक्यात यायचा. मधली चिरडली किंवा तिची तार तुटली तर मागे उरते ती धाकटी, जिच्या जिवावर डबीने दोन-चार मिनिटं बोलायचं असतं. एवढ्या विजेवर चालणाऱ्या गाडीत ऐन वेळी सगळं येऊन अडतं ते मुठीत मावणाऱ्या एका बॅटरीवर, आणि ‘पण ती गेली तर?’ असं तिच्याबद्दल एकाही सासऱ्याने विचारलेलं नसतं.

हैदराबाद या धाकटीला फारसं मानवत नाही. मे महिन्यात बाहेर पारा ४२ वर असतो, काचा लावून उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या आत त्याहून पुष्कळ वर, आणि बाई राहतात नेमक्या छतापाशी नाहीतर डॅशबोर्डमध्ये. बॅटरीतल्या रसायनाला उष्णता सोसत नाही; ती काही वर्षांत म्हातारी होते. उन्हाळ्यातून वाचली तर पाऊस आहे. ऑक्टोबर २०२० च्या पुरात या शहरात गाड्या रस्त्यांवरून वाहत गेल्या; पाणी ओसरतं, गाडी धुऊन पुसून चकचकीत होते, पण जोडांच्या पिनांमध्ये शिरलेला ओलावा सावकाश हिरवा गंज धरतो. पावसातून वाचली तर तळघरातले उंदीर आहेत, ज्यांना वायरीची चव माणसाला बिर्याणीची असावी तितकीच निश्चित कळते. आणि उंदरांतूनही वाचली तर आपण आहोत. डॅशकॅम लावून घ्यायचा, आतला दिवा निळा करून घ्यायचा, त्यासाठी छताचं अस्तर उचकटून कुठल्या तरी तारेला टाचणी टोचून वीज घ्यायची. तार कोणाची होती हे कोणी विचारत नाही. कधी कधी तर बिघाड नसतोच. डबीतल्या सिमची किंवा सेवेची मुदत संपलेली असते. पहिली काही वर्षं फुकट होतं, तेव्हा फुकटच्या गोष्टीला शेवट असतो हे कोणाच्या ध्यानात राहणार!

दिवा झाकण्याचा परिणाम काय होतो, हे खरं तर या शहराला वेगळं समजावून सांगायला नको. देशाला १०८ ची रुग्णवाहिका दिली ती हैदराबादने. १५ ऑगस्ट २००५ रोजी ईएमआरआय या संस्थेने इथे ती सुरू केली, पुढे अनेक राज्यांनी ती उचलली, महाराष्ट्रातही २०१४ पासून १०८ फिरवला की गाडी येते. संस्था स्थापन करणारे होते सत्यम कॉम्प्युटर्सचे बी. रामलिंग राजू. आता त्याच राजूंच्या कंपनीचा डॅशबोर्ड आठवा. सगळे दिवे हिरवे. सप्टेंबर २००८ मध्ये उत्तम कारभाराबद्दल गोल्डन पीकॉक पुरस्कारही मिळाला. आणि ७ जानेवारी २००९ रोजी राजूंनी स्वतः पत्र लिहून कळवलं की ताळेबंदात दाखवलेल्या रोख आणि बँकेतल्या शिलकेपैकी ५,०४० कोटी रुपये जागेवर नाहीत, कधी नव्हतेच. लेखापरीक्षक होते, संचालक मंडळात नावाजलेली माणसं होती, शेअर बाजार होता, पण इतक्या वर्षांत एकाही दिव्याने रंग बदलला नव्हता. एकाच माणसाने उभारलेल्या या दोन गोष्टींपैकी कंपनी गडगडली आणि रुग्णवाहिका धावत राहिली. याची कारणं अनेक आहेत, सरकारी पैसा आणि नवा आश्रयदाता हीही त्यांत आहेत. पण एक कारण मला महत्त्वाचं वाटतं: रुग्णवाहिकेचा बिघाड लपत नाही. फोन उचलला गेला नाही, गाडी आली नाही, की बोंब त्याच रात्री होते आणि सकाळी पेपरात येते. ताळेबंदाला मात्र चिकटपट्टी लावता येते.

चिकटपट्टी हा काही हैदराबादचा खास गुण नव्हे. त्या बाबतीत देश एक आहे. जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत पुढच्या सीटचा पट्टा लावला नाही तर गाडी ओरडते. ओरडण्यावर उपाय म्हणून पट्टा लावणं हा सोपा मार्ग होता. बाजाराने दुसरा काढला. पट्ट्याच्या खाचेत खोचायची एक पत्र्याची क्लिप. ती खोचली की पट्टा लावल्याचं गाडीला पटतं आणि ती गप्प बसते. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचं अपघाती निधन झालं तेव्हा मागच्या सीटवर पट्टा लावलेला नव्हता. त्यानंतर या क्लिपांवर सरकारची नजर गेली. २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन विक्रेत्यांना आदेश दिले आणि १३,११८ ठिकाणांहून ती क्लिप हटवण्यात आली. काही दुकानदार ती बाटली उघडायचं साधन म्हणून विकत होते, ही त्यातली सर्वांत मोलाची माहिती. पट्टा नाही, सूचना नाही, आणि हातात बाटली. अपघाताची एवढी संपूर्ण तयारी एका पत्र्याच्या तुकड्यात करून देणारा माणूस परदेशात असता तर त्याला पेटंट मिळालं असतं.

परदेशी माणूस तरी कुठे मोठा सहनशील आहे! आणीबाणीसाठी वेगळा फोन नंबर ही कल्पना लंडनमध्ये ३० जून १९३७ ला प्रत्यक्षात आली. नोव्हेंबर १९३५ मध्ये विम्पोल स्ट्रीटवर आग लागून पाच बायका गेल्या. समोर राहणाऱ्याने अग्निशामक दलाला फोन लावला होता, पण एक्स्चेंजने त्याला इतरांबरोबर रांगेत उभं केलं. म्हणून ९९९. तो फिरवला की एक्स्चेंजमध्ये लाल दिवा लागायचा आणि भोंगा वाजायचा. भोंगा इतका कर्कश होता की सुरुवातीला त्याच्या तोंडात टेनिसचा चेंडू कोंबून ठेवावा लागला, असं सांगतात. हा चेंडू म्हणजे आपल्या चिकटपट्टीचा आद्य पुरुष म्हणता येईल. तरी एक भेद आहे आणि माझा सगळा युक्तिवाद त्या भेदावर उभा आहे: त्यांनी आवाज कमी केला, दिवा विझवला नाही, आणि फोन उचलायचं सोडलं नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो खिशातून. प्रत्येकाजवळ मोबाइल आहे, नवे मोबाइल तर धडक ओळखून आपणहून मदत मागतात, मग गाडीच्या डबीची गरज काय? मोबाइल धडक ओळखतो हे खरं. २०२२ मध्ये आलेल्या आयफोनने अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या किंग्ज आयलंड या उद्यानात रोलर कोस्टरवर किंचाळणाऱ्या लोकांच्या वतीने पोलिसांना फोन केले होते. बिचाऱ्याला आनंद आणि अपघात यांतला फरक कळेना. चुकीच्या हाका गाडीच्या बटणावरूनही पुष्कळ येतात, सनरूफ उघडायला गेलेला हात शेजारच्या एसओएसवर पडतो, तेव्हा त्या बाबतीत दोघांनी एकमेकांना हसू नये. पण आपोआप लागणारा फोन एअरबॅगच्या सांगण्यावरून लागतो, आणि एअरबॅग रोलर कोस्टरवर फुगत नाही. शिवाय धडकेच्या क्षणी मोबाइल कुठे असतो? होल्डरमध्ये, म्हणजे पुढच्या क्षणी मागच्या सीटखाली. किंवा मांडीवर, म्हणजे कुठेही. त्याचा चार्ज चार टक्के असतो, कारण रस्ता दाखवून तो दमलेला असतो. डबी गाडीला स्क्रूने आवळलेली असते. अपघातात जागेवर राहणं हा गुण वाटतो त्यापेक्षा मोठा आहे.

दुसरा आक्षेप जास्त आपुलकीचा आहे आणि मला आवडतोही. हैदराबादेत गाडीला नुसता ओरखडा गेला तरी अर्ध्या मिनिटात वीस माणसं जमतात. त्यांतला एक पाणी आणतो, एक रुग्णवाहिका बोलावतो, तिघं चूक कोणाची ते ठरवतात आणि उरलेले ऑफिसला उशीर का झाला याचा पुरावा म्हणून फोटो काढतात. माणसं असताना उपग्रह कशाला? जमावाच्या या गुणाला कायद्यानेही मान दिला आहे. मार्च २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जखमीला मदत करणाऱ्याला संरक्षण देणाऱ्या सूचना बंधनकारक केल्या आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात तसं कलमच आलं. पण जमाव जमायला रस्त्यावर माणसं लागतात. शहराभोवतीचा बाह्यवळण रस्ता १५८ किलोमीटरचा, आठ पदरी, दोन्ही बाजूंनी बंदिस्त. पायी माणसाला मज्जाव, दुचाकीला, रिक्षाला मज्जाव. चहाची टपरी नाही, पानवाला नाही, चूक कोणाची ते ठरवायला कोणी नाही. रात्री दोन वाजता तिथे कठड्याला धडकलेल्या गाडीच्या आसपास जे जमतं ते फक्त धुकं. गाडी ज्या रस्त्यासाठी घेतली, नेमक्या त्याच रस्त्यावर जमाव मिळत नाही. शहरात कॅमेरे आहेत, बंजारा हिल्सला ऑगस्ट २०२२ मध्ये उघडलेलं पोलिसांचं टोलेजंग नियंत्रण केंद्र आहे. पण हजारो पडद्यांपैकी नेमक्या कोणत्या पडद्याकडे त्या क्षणी बघायचं हे कोणीतरी सांगावं लागतं, आणि सांगणारा बेशुद्ध असतो.

तिसरा आक्षेप सर्वांत भक्कम आहे. फोन लागला, डबीने अक्षांश-रेखांश पाठवले, पण तो जाणार कुठल्या तरी दुसऱ्या राज्यात बसलेल्या माणसाकडे. त्याला आपला पत्ता काय कळणार? मेहदीपट्टणमहून आरामघरकडे जाणारा पी. व्ही. नरसिंह राव यांच्या नावाचा ११.६ किलोमीटरचा उड्डाणमार्ग घ्या. त्याच्याखाली राहणाऱ्या लोकांनी पत्त्याची स्वतःची पद्धत काढली आहे: अत्तापूर, पिलर नंबर अमुक, त्याच्या समोरची गल्ली. दुकानाच्या पाट्यांवर, लग्नपत्रिकांवर, औषधाच्या पावत्यांवर पिलर नंबर असतो. उपग्रहाला पिलर मोजता येत नाहीत. गाडी उड्डाणमार्गाच्या वर आहे की खाली हेही नकाशावरच्या एका ठिपक्यावरून सांगता येत नाही, आणि रुग्णवाहिकेने चूक मजला पकडला तर तिला पुढच्या उतारापर्यंत जाऊन परत यावं लागतं. हे मान्यच करायला हवं. पण म्हणूनच तर डबीला माइक आणि स्पीकर दिलेला आहे: ठिपका मशीन पाठवतं, आणि ‘ऊपर नहीं भाई, नीचे’ हे माणूस सांगतो. ती बोलण्याची सोयही त्याच धाकट्या बॅटरीवर चालते, तेव्हा हा आक्षेप शेवटी माझ्याच बाजूने साक्ष देतो.

आणि नुसता माणूस पुरत नाही अशाही जागा आहेत. काचीगुड्याहून दिवाळीला नांदेडकडे निघालेलं मराठी कुटुंब संगारेड्डीनंतर १६१ क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गाने मदनूर ओलांडून देगलूरच्या हद्दीत शिरतं तेव्हा मोबाइल कधी या राज्याचा टॉवर पकडतो, कधी त्या. १०८ दोन्हीकडे आहे, पण केंद्रं वेगळी, गाड्या वेगळ्या, आणि टॉवर ज्याचा त्याच्याकडे फोन. घाबरलेला माणूस ‘आम्ही नांदेड रोडवर आहोत’ एवढंच सांगतो. त्या रस्त्याला हे वर्णन दोनशे किलोमीटर लागू पडतं. अशा ठिकाणी ठिपका हा पिलर नंबरापेक्षा मोठा पत्ता आहे. कुटुंबाच्या मते आपण महाराष्ट्रात शिरलो की नाही हे चहाच्या गोडीवरून कळतं, पण केंद्रातल्या माणसाला ते सांगून उपयोग नाही.

खर्चाच्या आक्षेपाला मी फार वेळ देणार नाही. जो माणूस गाडी घेताना साध्या आवृत्तीपेक्षा काही लाख जास्त मोजतो, ते पैसे पेट्रोलमधून कधी सुटतील याचा तक्ता बनवतो, आणि तक्त्यात ते कधीच सुटत नाहीत म्हटल्यावर ‘पर्यावरण’ असा रकाना वाढवतो, त्याने छोट्या बॅटरीवर घासाघीस करू नये. त्यापेक्षा खरा अवघड आक्षेप दुसरा आहे: काही बिघाड दुरुस्तच होत नाहीत. अमेरिकेत २०२२ मध्ये मोबाइल कंपन्यांनी थ्रीजी बंद केलं आणि पुष्कळ चांगल्या गाड्यांच्या डब्या एका रात्रीत मुक्या झाल्या. डबी शाबूत, बॅटरी शाबूत, पलीकडे ऐकणारं जाळंच उरलं नाही. आपल्याकडेही जाळी बदलत राहतात. एअरटेलने थ्रीजी २०२० मध्ये गुंडाळलं. गाडी पंधरा वर्षं टिकते, फोनचं तंत्र तेवढं टिकत नाही, आणि त्या दोघांची लग्नगाठ मोटार कंपन्यांनी पत्रिका न बघता बांधली आहे. अशा गाडीत दिवा लाल राहणार. राहू द्यावा. तो खरं बोलतो आहे, आणि त्याच्याकडे रोज बघणारा माणूस लांबच्या प्रवासाला निघताना निदान मोबाइल चार्ज करून घेतो.

जिथे दुरुस्ती होते तिथे ती कशी करावी यात मात्र राणीगंजच्या सुट्या भागांच्या दुकानांकडे धाव घेण्याआधी थोडा धीर हवा. आधी सेवेची मुदत बघावी; निम्मी भीती कधी कधी एका नूतनीकरणाने जाते. मग बारा व्होल्टची बॅटरी तपासावी, कारण हायब्रिड तीन आठवडे तळघरात उभी राहिली की मधली बसते आणि तिच्या अशक्तपणाचा आळ भलत्याच यंत्रणेवर येतो. मग स्कॅनर लावून गाडी स्वतः काय म्हणते ते वाचावं. बॅटरीची तक्रार असेल तर काही गाड्यांत ती सुटी मिळते, काहींत अख्खी डबीच घ्या म्हणतात. हे विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. अँटेनाचे जोड आणि उंदरांची कामगिरी पाहिल्यावरच डबीवर संशय घ्यावा. इथेच जगदीश मार्केटमध्ये मोबाइल उघडून जोडणाऱ्या कुशल हातांचा मोह होतो. त्या हातांबद्दल मला आदर आहे, पण ही डबी एअरबॅगच्या शेजारी राहते. बारा व्होल्टची तार काढून, ठरलेला वेळ थांबून मगच तिथे हात घालायचा असतो, आणि नारिंगी वेष्टनाची तार दिसली तर हात मागे घ्यायचा, कारण ती थोरलीची आहे. भंगारातली जुनी डबी आणून बसवणं तर अगदी वाईट. ती दुसऱ्या गाडीशी बांधलेली असते. एक तर ती बोलणारच नाही, आणि बोललीच तर राजेंद्रनगरला धडकलेली गाडी आपण विजयवाड्याची पांढरी सेदान असल्याचं ठामपणे सांगेल.

काम झालं की मेकॅनिक सवयीने बटण दाबून बघतो. तसं करू नये. पलीकडे खरा माणूस असतो, आणि ‘कुछ नै, चेक करे’ हे वाक्य त्याने दिवसभर इतक्यांदा ऐकलेलं असतं की खऱ्या अपघातालाही तो आधी तेच समजेल. चाचणी स्कॅनरवरून होते, किंवा केंद्राला आधी कळवून. दिवा हिरवा झाला की गॅरेजचं काम संपतं. उरतो तो एक रकाना, जो गॅरेजला दिसत नाही: अपघात झाल्यावर घरच्या कोणाला कळवायचं त्याचा नंबर. गाडी ताब्यात घेतली त्या दिवशी, पेढे वाटण्याच्या आणि लिंबू चिरडण्याच्या गडबडीत, हा रकाना शोरूमच्या पोराने भरलेला असतो. आणि पुष्कळदा तिथे मालकाचाच नंबर असतो. म्हणजे कठड्याला धडकल्यावर केंद्रातला माणूस मागच्या सीटखाली वाजणाऱ्या फोनलाच ती बातमी कळवणार. हा नंबर बदलायला ॲपमध्ये दोन मिनिटं लागतात. बायकोचा द्यावा की थोरल्या भावाचा, की अमेरिकेतल्या मुलाचा, ज्याला वेळेच्या फरकामुळे फोन निदान जागा असताना मिळेल, यावर घरात जी चर्चा सुरू होते तिला मात्र दोन मिनिटं पुरत नाहीत.